२१४७४८३६४७ (मर्सेन मूळ संख्या)

२,१४,७४,८३,६४७ ही दहा अंकी मूळ संख्या आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. अशा रूपाच्या मूळ संख्या फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्या नावाने ओळखल्या जातात. त्या मालिकेत हिचा क्रमांक आठवा. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, ती लिहिली तर ओळीने ३१ एक्के येतात, शून्य एकही नाही.

घातांक मूळ असला की अशी संख्या मूळ असतेच असे नाही. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी २०४७ ही २३ × ८९ आहे. इटलीचे गणिती कातालदी यांनी १६०३ मध्ये २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक मूळ संख्या देतात असे म्हटले. त्यांतला फक्त ३१ खरा ठरला.

तो खरा असल्याचे १७७२ मध्ये स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी सिद्ध केले. त्यांची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेलेली होती. संख्येचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे, म्हणून तिथपर्यंतच्या संख्यांनी भागून पाहणे भाग होते. पण भागाकाराला बसण्याआधीच ऑयलर यांनी चाळणी लावली, आणि या सिद्धतेचे खरे सौंदर्य तिथेच आहे. एखादी मूळ संख्या हिला भागत असेल, तर त्या संख्येला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. ६३ आणि २४९ मूळ नाहीत, तेव्हा पहिली खरी उमेदवार ३११. तिने भागले तर भागाकार ६९,०५,०९२ येतो आणि बाकी ३५. अशा उमेदवार जास्तीत जास्त ३७२. त्यांतल्या एकीनेही नि:शेष भाग जात नाही. पुढे ऐंशीहून अधिक वर्षे हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती.

हिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज आपल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी) मिळते: २३०५८४३००८१३९९५२१२८. शिवाय ३१ हा घातांक स्वतःच मर्सेन मूळ संख्या आहे, त्यामुळे ही 'दुहेरी' मर्सेन ठरते. अशा फक्त चार ज्ञात आहेत: ७, १२७, ही, आणि २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी.

१ पासून सुरुवात करून दर वेळी १६,८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने, गुणत गेले आणि या संख्येने भागून फक्त बाकी ठेवली, तर १ ते २,१४,७४,८३,६४६ मधली प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्यावरच १ पुन्हा येतो. संगणकावर यादृच्छिक वाटणारे आकडे तयार करण्यासाठी हा गुण अनेक वर्षे वापरला गेला.

धन आणि ऋण दोन्ही संख्या साठवणाऱ्या संगणकाच्या ३२ बिटांच्या (द्विमान अंकांच्या) जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्याही हीच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, या आकड्यावर पोचतील. पुढच्याच सेकंदाला आकडा ऋण होऊन तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाईल.