रोजगाराचा आकडा आणि वेळेचा आकडा: बायकांच्या कामाची दोन मापं

बायकांच्या कामाविषयी वाद सुरू झाला की दोन आकडे हमखास समोरासमोर येतात. एक जण सांगतो, २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरच्या बायकांपैकी ४१.७ टक्के श्रमशक्तीत होत्या, म्हणजे काम करत होत्या किंवा शोधत होत्या. २०१७-१८ मध्ये हे प्रमाण २३.३ टक्के होतं, म्हणजे बायका झपाट्याने कमावत्या झाल्या. दुसरी सांगते, भारतातली बाई रोज सरासरी २३६ मिनिटं बिनपगारी घरकाम करते आणि पुरुष २४ मिनिटं, मग बदललं काय? थोड्या वेळाने दोघांनाही समोरच्याचा आकडा खोटा वाटू लागतो.

दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही केंद्र सरकारच्या एकाच सांख्यिकी मंत्रालयाने काढलेले आहेत. पहिला श्रमशक्तीच्या सर्वेक्षणातून येतो, ज्याला सगळे पीएलएफएस (पिरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हे) म्हणतात. दुसरा वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणातून येतो. एका सर्वेक्षणाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला जोडलं की बाईच्या आयुष्याविषयी भलताच निष्कर्ष निघतो. वर्तमानपत्रांत आणि चर्चांमध्ये हे सतत होतं, म्हणून ही दोन मापं नीट शेजारी ठेवून पाहायला हवीत.

पीएलएफएस २०१७ साली सुरू झालं. त्याचा मूळ प्रश्न असा: ही व्यक्ती अर्थव्यवस्थेत कोण आहे? गेल्या ३६५ दिवसांत तिने बहुतेक काळ काय केलं, ते पाहून तिला एक कोड मिळतो. स्वतःचा धंदा किंवा शेती करणाऱ्याला ११, घरच्या शेतीत किंवा दुकानात पगाराशिवाय राबणाऱ्याला २१, नियमित पगारदाराला ३१. काम शोधूनही न मिळालेल्याला ८१. फक्त घरकाम करणाऱ्या व्यक्तीला ९२. घरकामाबरोबर सरपण, रानभाजी, गुरांचा चारा गोळा करणारी किंवा घरच्यांसाठी शिवणटिपण करणारी असेल तर ९३. शेवटचे दोन कोड श्रमशक्तीच्या बाहेरचे आहेत. मुख्य कामाशिवाय वर्षात निदान ३० दिवस दुसरं काही आर्थिक काम केलं असेल, तर तेही दुय्यम स्थिती म्हणून धरलं जातं. ही ३० दिवसांची अट लक्षात ठेवा, पुढे ती फार कामाला येणार आहे.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या सर्वेक्षणात घरातला एक जाणकार माणूस सगळ्यांची माहिती देऊ शकतो. सुनेबद्दल सासरे सांगतात, बायकोबद्दल नवरा सांगतो. "ती काय करते?" या प्रश्नाला आपल्याकडे कोणतं उत्तर तोंडात तयार असतं, हे कुणाला सांगायला नको. "काही नाही, घरीच असते." समोरच्या अधिकाऱ्याने खोदून विचारलं नाही, तर शेतातली सहा महिन्यांची खुरपणी त्या दोन शब्दांत गडप होते.

वेळेच्या वापराचं सर्वेक्षण व्यक्ती कोण आहे हे विचारायला जात नाही. ते तिचा एक दिवस मागतं. आदल्या दिवशी पहाटे ४ पासून त्या दिवशी पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत, काय काय केलं ते सांगा. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला, शक्यतो त्याच्याच तोंडून. देशभर असं पहिलं सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं, १,३८,७९९ घरांमध्ये आणि सुमारे साडेचार लाख माणसांबरोबर. दुसरं २०२४ मध्ये झालं. इथे "घरीच असते" हे उत्तर चालत नाही. घरी पहाटे साडेपाचला काय केलंस, ते सांगावं लागतं.

आता एकच बाई दोन्ही मापांत घालून पाहू. समजा ती माण तालुक्यातल्या एका गावात राहते. घरची तीन एकर कोरडवाहू, एक म्हैस, दोन मुलं, आजारी सासू. पहाटे उठून गोठा झाडायचा, शेण काढायचं, धार काढायची. मग चूल, भाकरी, मुलांच्या आंघोळी, सासूचं औषध. दिवसभरात पाण्याच्या खेपा आणि बांधावरून गवताचा भारा. हंगाम असेल तर दुपार खुरपणीत. संध्याकाळी परत गोठा आणि परत चूल.

पीएलएफएस तिच्याकडे वर्षभराच्या नजरेने पाहतं. बहुतेक काळ घरकाम आणि चारा गोळा करण्यात गेला, म्हणून मुख्य स्थिती ९३, म्हणजे श्रमशक्तीबाहेर. पण पेरणी, खुरपणी, काढणी मिळून तिचे ३० दिवस सहज भरतात, म्हणून दुय्यम स्थितीत २१ कोड लागतो आणि ती श्रमशक्तीत येते. ४१.७ टक्क्यांमध्ये ती मोजली जाते. तिच्या हातात एक रुपयाही येत नसेल, तरी मोजली जाते.

वेळेचं सर्वेक्षण तिच्या त्याच दिवसाचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांत टाकतं. भाकरी, भांडी, झाडलोट "बिनपगारी घरगुती सेवा" या खात्यात. मुलांची आंघोळ आणि सासूचं औषध "बिनपगारी सांभाळ" या वेगळ्या खात्यात. दूध डेअरीला घालत असेल तर धार काढणं रोजगारात. दूध घरच्यांनीच प्यायचं असेल तर तीच धार "स्वतःच्या वापरासाठी उत्पादन" या तिसऱ्या खात्यात. पाणी आणणं, सरपण आणणं हेही याच तिसऱ्या खात्यात जातं.

इथे एक मोठी फसगत आहे. घरकामाची म्हणून जी मिनिटं बातमीत येतात, ती फक्त पहिल्या खात्याची असतात. त्यांत मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा सांभाळ नाही, आणि हंडाही नाही. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बायका रांगेत बसतात, तिथे घरकामाचा तेवढाच आकडा देऊन थांबणं म्हणजे त्यांचा अर्धा दिवस खोडून टाकणं आहे. पीएलएफएसमध्ये तर पाण्याची खेप म्हणजे कामच नाही.

मग एक सर्वेक्षण ४१.७ टक्के म्हणतं, तर २०२४ चं वेळेचं सर्वेक्षण १५ ते ५९ वयाच्या फक्त २५ टक्के बायका रोजगारात दाखवतं, हे कसं? वयोगट थोडा वेगळा आहे, पण खरं कारण तो नाही. पीएलएफएसला वर्षातले ३० दिवस पुरतात, तर वेळेच्या सर्वेक्षणाला त्या एका दिवशी काम झालेलं हवं. आपली माणची बाई वैशाखात पकडली तर खुरपणी नसते. शिवाय घरच्यासाठी पिकवलेली ज्वारी आणि घरचं दूध पीएलएफएस आर्थिक कामात धरतं, वेळेचं सर्वेक्षण ते रोजगाराच्या बाहेर ठेवतं. म्हणून २५ आणि ४१.७ मधून एक खोटा ठरवायची गरज नाही. तो फरकच सांगतो की कितीतरी बायकांचं आर्थिक काम हंगामी, तुटक आणि घराच्या कुंपणातलं आहे. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या बायकांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त स्वयंरोजगारात होत्या, आणि "स्वयंरोजगार" या भारदस्त शब्दाखाली २१ कोडच्या बिनपगारी मदतनीस मोठ्या संख्येने बसल्या आहेत. श्रमशक्तीतला वाढता आकडा वाचून पगाराची नोकरी डोळ्यांसमोर आणू नये.

वेळेच्या आकड्यांच्या आत आणखी एक जोडी दडलेली आहे, आणि तिच्यात तर भलेभले अडकतात. २०१९ च्या अहवालात बायकांची २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७ मिनिटं असे आकडे आहेत. तिप्पट फरक. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. बायकांपैकी ८१.२ टक्क्यांनी ते केलं, पुरुषांपैकी २६.१ टक्क्यांनी. ज्यांनी एक कपही विसळला नाही असे जवळपास तीन चतुर्थांश पुरुष या ९७ मध्ये नाहीतच. सगळ्यांना धरून सरासरी काढली की बायकांची २४३ मिनिटं होतात आणि पुरुषांची २५. फरक तिपटीवरून जवळजवळ दहापटीवर जातो. एकाच अहवालातून, एकाच दिवसावरून.

सर्वोच्च न्यायालयाच्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या ५ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी गृहिणीच्या कामाचं मोल का धरायचं हे सांगताना याच सर्वेक्षणाचा आधार घेतला, आणि आकडे घेतले २९९ आणि ९७. अपघातात गेलेल्या गृहिणीच्या कामाचा हिशेब व्हावा, हा त्या निकालाचा आग्रह मला मनापासून पटतो. दरडोई आकडे घेतले असते तर तो आणखी ठाम झाला असता. तुम्ही कुठेही घरकामाचे आकडे वाचाल तेव्हा हा एक प्रश्न नक्की विचारा: ही सरासरी करणाऱ्यांची आहे की सगळ्यांची?

आता दोन्ही मापं एकत्र वाचली की जे दिसतं ते मला अस्वस्थ करतं. पीएलएफएसनुसार श्रमशक्तीतल्या बायकांचं प्रमाण २०१९-२० मध्ये ३० टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४१.७. एवढ्या बायका बाहेरच्या किंवा शेतातल्या कामात उतरल्या, तर घरातलं काम कुणीतरी वाटून घ्यायला हवं होतं. वेळेचं सर्वेक्षण सांगतं, बायकांचं दरडोई घरकाम २४३ मिनिटांवरून २३६ वर आलं, सात मिनिटांनी कमी. आणि पुरुषांचं? २५ वरून २४. बाईच्या कामाला काम जोडलं गेलं. ज्याला आपण काम आणि घर यांचा समतोल म्हणतो, तो या देशात एकाच माणसाने सांभाळायचा ठरवलेला आहे, आणि तो माणूस ती आहे. पीएलएफएस एकटं वाचलं तर ही प्रगती दिसते. वेळेचं सर्वेक्षण एकटं वाचलं तर ती कमावतेही आहे, हे नजरेतून सुटतं.

ऊसतोडीला जाणारी बीडची बाई हे याचं सगळ्यात कठोर उदाहरण. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचलही जोडीची. मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेणारी ही बाई मजूर म्हणून नोंदली जाते, त्यात शंका नाही. पण फडावर जाण्याआधी पालात भाकऱ्या करणारी आणि परत आल्यावर पुन्हा चूल पेटवणारी तीच असते. रोजगाराच्या नोंदीत कोयत्याची दोन्ही माणसं सारखी दिसतात. दिवस मोजला तरच कळतं की त्यांतल्या एकाची झोप कमी आहे.

वेळेच्या मापातूनही काही निसटतंच. अर्ध्या तासाच्या खणात जास्तीत जास्त तीन कामं, तीही दहा मिनिटांहून कमी नसलेली, नोंदली जातात. भाजी फोडणीला टाकताना मुलाच्या अभ्यासाकडे असलेलं अर्धं लक्ष तिथे जेमतेम उमटतं. अॅलिसन डेमिंजर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून दाखवलं, की घर चालवण्याच्या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे असतात: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय बऱ्यापैकी दोघांचा असतो. पहिला आणि शेवटचा टप्पा बहुतेक बायकोकडे असतो. तो त्या मुलाखतींत सापडला. मिनिटांच्या कोष्टकात त्याला जागा नाही.

मापांचा हा गोंधळ धोरणात उतरतो, म्हणून एवढं लिहिलं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. चांगली तरतूद आहे. पण ती मालकाला बांधते, आणि २१ कोडच्या बाईला मालकच नाही. श्रमशक्तीचा वाढलेला टक्का बघून "नोकरदार बायकांसाठी सोयी झाल्या" असं म्हणणाऱ्याने तो टक्का कुठल्या कोडमधून आला ते आधी पाहावं. तिला हवी आहे दिवसभर उघडी राहणारी अंगणवाडी. केंद्राच्या मिशन शक्तीतली "पाळणा" योजना त्याच दिशेने जाते. अशा पाळणाघराने गावातल्या बाईचं काय बदललं हे पुढे तपासायचं असेल, तर रोजगाराच्या टक्केवारीत ते शोधू नका. ती आधीच तिथे मोजली गेली आहे. वेळेच्या सर्वेक्षणातलं सांभाळाचं खातं उघडा, आणि बायकांच्या रकान्याशेजारचा पुरुषांचा रकानाही वाचा.