वणवाप्रवण क्षेत्रातील लाकडी खिडक्या

वणव्याचा धोका असलेल्या भागात घर बांधताना वापरायच्या लाकडी चौकटीच्या खिडक्या. यासंबंधीचे तपशीलवार नियम ऑस्ट्रेलियात असून ते एएस ३९५९ या मानकात आहेत (पहिली आवृत्ती १९९१).

वणव्यात घर नेमके कशाने पेटते, याविषयी मतभेद आहेत. ज्वाळांचा थेट स्पर्श हेच कारण, असा समज बराच काळ होता. मेलबर्नच्या बोमॉरिस उपनगरात जानेवारी १९४४ मध्ये वणवा लागला. तेथील घरांची जी. जे. बॅरो यांनी केलेली पाहणी १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. वाऱ्याने उडून येणाऱ्या निखाऱ्यांकडे त्या पाहणीने लक्ष वेधले. आग्नेय ऑस्ट्रेलियातील १९८३ च्या ‘ॲश वेन्सडे’ वणव्यानंतरच्या पाहण्यांनीही यालाच पुष्टी दिली. उष्णतेचे प्रारणही महत्त्वाचे आहे. मात्र निखाऱ्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

निखारे आत शिरण्याची एक महत्त्वाची वाट म्हणजे फुटलेले तावदान. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते. या तफावतीने साधी काच तडकते. म्हणून खिडकी निकामी झाल्याचा दोष केवळ लाकडी चौकटीला देणे पुरेसे नाही. जड लाकूड जळताना त्यावर कोळशाचा थर साचतो व आतला गाभा काही काळ सुरक्षित राहतो. लाकडी बांधकामाविषयीच्या दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन मानकानुसार कोळसा होण्याचा वेग मिनिटाला ०.४ + (२८०/घनता)² मिमी. धरतात (घनता किग्रॅ./घमी. मध्ये). ८०० घनतेच्या लाकडाचा वेग यावरून सु. ०.५२ मिमी. येतो. चौकटींसाठी वापरले जाणारे ॲल्युमिनियम मात्र सु. ६६०° से.ला वितळते.

एएस ३९५९ मध्ये धोक्याच्या पातळ्या दर चौ. मी.ला पोहोचणाऱ्या उष्णतेवरून (किलोवॉट) ठरतात: १२.५, १९, २९, ४० आणि त्यापलीकडे ज्वालाक्षेत्र (जेथे ज्वाळा थेट घरापर्यंत पोहोचू शकतात). पहिल्या दोहोंत किमान ६५० घनतेच्या ठरावीक प्रजाती चालतात. २९ साठी वणवारोधक लाकूड लागते. ब्लॅकबट, स्पॉटेड गम, रेड आयर्नबार्क, रिव्हर रेड गम, सिल्व्हरटॉप ॲश, टर्पेन्टाइन व मर्बाऊ या सात प्रजातींना प्रक्रियेविना ही मान्यता आहे. सागवान त्यांत नाही. त्यापुढील पातळ्यांत लाकडी खिडकी वापरायची, तर सहसा काच व कडी-बिजागऱ्यांसह अख्ख्या खिडकीची अग्निचाचणी व्हावी लागते. उघडणाऱ्या झडपांवरील धातूच्या जाळीची छिद्रे २ मिमी.हून मोठी नसावीत.

जमिनीपासून किंवा ओट्यापासून ४०० मिमी.पर्यंतच्या भागासाठी नियम कडक आहेत, कारण पालापाचोळा व निखारे तेथेच साचतात.