झोत सैल सोडला, गळती घटली

2008 साली सर्नचा मोठा कणत्वरक सुरू होण्याच्या सुमारास टीव्हीवर रोज एक कृष्णविवर पृथ्वी गिळत होतं. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत. त्वरक चालवणाऱ्यांची खरी धास्ती फार साधी असते: किती कण वाट चुकून नळीच्या भिंतीवर आपटले?

आपटलेला वेगवान प्रोटॉन धातूच्या अणूंची केंद्रकं फोडतो आणि धातूच किरणोत्सारी होऊन बसतो. यंत्र बंद केल्यावरही तो शमायला वेळ लागतो. मग पाना घेऊन आत जायचं कुणी? म्हणून या धंद्यात एक आकडा सगळ्यांना पाठ असतो: झोताची, म्हणजे धावत्या कणांच्या धारेची, मीटरमागे 1 वॅट इतकीच शक्ती वाया जाऊ द्यायची. झोत 1 मेगावॅटचा असेल, तर दर मीटरला दहा लाखांत एकच कण हरवायची मुभा.

एकाच विद्युतभाराचे कण एकमेकांना ढकलतात, झोत फुगतो. त्याला आवरायला चतुर्ध्रुवी चुंबकांची रांग असते. एक चुंबक झोत आडवा आवळतो पण उभा पसरवतो, पुढचा नेमकं उलट करतो, आणि एकूण हिशेबात आवळणंच जिंकतं. तेव्हा जितकं घट्ट तितकं बरं, नाही का?

अमेरिकेत ओक रिज इथल्या ‘स्पॅलेशन न्यूट्रॉन सोर्स’ या न्यूट्रॉन तयार करणाऱ्या यंत्रात अनुभव उलटा आला. त्यात आधी एक सरळ त्वरक आणि पुढे एक गोल वलय आहे. सरळ त्वरकाच्या अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) भागातली गळती अपेक्षेपेक्षा जास्त होती. चुंबक मूळ आराखड्यापेक्षा सैल केले, तर ती घटली! का, ते कुणाला सांगता येईना.

उलगडा 2010 साली फर्मीलॅब या अमेरिकेतल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या व्हॅलेरी लेबेदेव यांनी सुचवला. या सरळ त्वरकात नुसते प्रोटॉन धावतच नाहीत. धावतात हायड्रोजनचे ऋण आयन: एक प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन. पहिला इलेक्ट्रॉन 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्टने बांधलेला, दुसरा जेमतेम 0.75ने. झोत आवळला की आयन दाटीवाटीने येतात, शिवाय त्यांची आडवीतिडवी धावपळ वाढते. ते आपापसांत घासतात आणि दुसरा इलेक्ट्रॉन निसटतो. उरतो उदासीन अणू. त्याला चुंबक दिसतच नाही. तो नाकासमोर जातो आणि पुढे कुठेतरी भिंत गाठतो.

पडताळा मला फार आवडतो. त्याच यंत्रात, सुरुवातीलाच पातळ पापुद्र्यातून आयनांचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढून प्रोटॉन पाठवले आणि त्यांचा भार उलटा म्हणून प्रवेग देणाऱ्या विद्युतक्षेत्राचा ताल उलटा केला. गळती कितीतरी कमी! निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाला.

मग रोज प्रोटॉनच का नाही पाठवत? पुढच्या वलयात आधीच फिरणाऱ्या प्रोटॉनांवर नवे प्रोटॉन चढवायचे असतात. ऋण आयन त्याच चुंबकात विरुद्ध बाजूने वळून त्यांच्या वाटेवर येतो, कार्बनच्या पापुद्र्यात दोन्ही इलेक्ट्रॉन टाकतो आणि त्यांच्यात मिसळतो. प्रोटॉनांवर प्रोटॉन असे चढवता येत नाहीत. त्यामुळे आयन तेच राहिले, आणि चुंबक सैल.