चित्रात बर्फ दिसतो, बेरीबेरी दिसत नाही

1894-95 चं चीन-जपान युद्ध जेमतेम आठ-नऊ महिने चाललं, पण तेवढ्यात जपानमध्ये त्यावर लाकडी ठशांची सुमारे 3000 वेगवेगळी चित्रं छापून विकली गेली. काढणारे बहुतेक जण टोकियोतच बसून, पेपर वाचून काढत होते, त्यामुळे तलवार उगारलेले शूर अधिकारी ढिगाने सापडतात, खरं सांगायचं तर दहा बघितले की कंटाळा येतो.

कोबायाशी कियोचिका मात्र वेगळा. त्याचे सैनिक पाठमोरे, काळोखात, बर्फात कुडकुडत उभे असतात. ही थंडी कागदावर येते कशी? चेरीच्या लाकडाचा ठसा आधी ओला करायचा, रंग आणि तांदळाची खळ एकाच कडेला लावायची आणि ब्रश फिरवायचा, मग पाण्यासोबत रंग पसरत पसरत विरळ होत जातो आणि गडद निळ्या रात्रीतून फिकट आभाळ निघतं, याला बोकाशी म्हणतात. आणि जमिनीवरचा बर्फ म्हणजे बऱ्याचदा नुसता कोरा कागद, तिथे रंग लावायचाच नाही! हे सगळं छापणाऱ्याच्या हाताचं काम, नाव मात्र चित्रकाराचं.

पण या युद्धात जपानी सैनिक गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आजारांनी मेले. कॉलरा, आमांश, आणि बेरीबेरी, म्हणजे पाय सुजतात, बधिर होतात, शेवटी हृदय बंद पडतं. कारण काय तर पॉलिश केलेला पांढराशुभ्र भात. कोंड्याबरोबर बी1 व्हिटॅमिन निघून जातं आणि सोबत दुसरं फार काही खायला नसेल तर शरीराला ते मिळतच नाही.

व्हिटॅमिनचा शोध तेव्हा लागायचा होता, तरी उपाय माहीत होता हो! नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी दोन जहाजांची तुलना केली होती, नेहमीचं जेवण असलेल्या र्‍यूजोवर 376 पैकी 169 जण आजारी पडले आणि 25 मेले, आणि 1884 मध्ये जवळपास त्याच मार्गाने गेलेल्या त्सुकुबावर मांस, भाज्या, बार्ली वगैरे दिलं तर फक्त 14 आजारी, मृत्यू एकही नाही. नौदलाने जेवण बदललं, पण लष्करातले डॉक्टर हा जंतूंचा रोग म्हणत अडून बसले. 1904-05 च्या रशियाविरुद्धच्या युद्धात बेरीबेरीने सुमारे 27 हजार सैनिक गेले.