देवदूताच्या चौदा जादा पायऱ्या

मेक्सिको सिटीत पासेओ दे ला रेफॉर्मा या रस्त्यावर १९१० चा स्वातंत्र्यस्तंभ आहे, टोकावर सोनेरी देवदूत. बांधला तेव्हा नऊ पायऱ्या होत्या. पुढे खाली आणखी चौदा जोडाव्या लागल्या. स्तंभ खोल रोवलेल्या खांबांवर जागच्या जागी राहिला, भोवतालचा रस्ता मात्र खाली गेला.

'इमारतींच्या ओझ्याने शहर खचतंय' असं सर्रास सांगतात. ओझं आहेच, पण खरी गोम पाण्यात आहे.

आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी पूर्वी टेक्सकोको सरोवर होतं. तिथल्या अझ्टेक लोकांनी १३२५ च्या सुमारास त्यातल्या बेटावर टेनोचटिट्लान हे शहर वसवलं. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ते घेतलं आणि पुढे पुरांना कंटाळून सरोवराचं पाणीच बाहेर काढायला घेतलं. सरोवर आटलं, तळाची चिकणमाती राहिली आणि शहर तिच्यावरच पसरलं.

ही माती अजब आहे. ज्वालामुखीच्या राखेतून झालेली, आणि कोरड्या कणांच्या वजनाच्या तिप्पट-चौपट पाणी पोटात धरणारी. वरचा भार दोघं मिळून पेलतात: कणांचा सांगाडा आणि कणांमधल्या पाण्याचा दाब. शहराच्या विहिरी या थराखालच्या वाळू-खडीतून पाणी उपसतात. तिथला दाब उतरला की चिकणमातीतलं पाणी खाली झिरपतं, त्याने सोडलेला भार सांगाड्यावर येतो आणि चपटे कण एकमेकांवर निजतात. तेही फार सावकाश: थराची जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. म्हणून उपसा आज थांबवला तरी खचणं उद्या थांबत नाही. पुन्हा पाणी भरलं तरी निजलेले कण उठत नाहीत. उपशाचा हा संबंध नाबोर कारियो या अभियंत्याने १९४७ मध्ये दाखवून दिला. आजही काही भाग वर्षाला ४० सेंटिमीटरहून जास्त खचतात.

भूकंपाचे हादरेही याच मातीत फुगतात.

सगळीकडची माती सारखी दबत नाही, ही आणखी एक गंमत. शहराचं कॅथेड्रल काही अंशी जुन्या अझ्टेक देवळांच्या अवशेषांवर उभं आहे. त्या देवळांनी खालची माती आधीच दाबून ठेवलेली, म्हणून तो भाग कमी खचला आणि इमारत कलली. १९९० च्या दशकात अभियंत्यांनी उंच राहिलेल्या भागाखालून थोडी थोडी माती काढली आणि तो मुद्दाम खचवला.