पार्श्वभूमी: तक्त्यात न मावलेला बर्फ

‘हिमनग वितळून समुद्राची पातळी वाढते’ हे वाक्य आपल्या बातम्यांत इतके रुळले आहे की आधी त्याचाच गुंता सोडवावा लागतो. हिमनग पाण्यातच असतो. आपल्या वजनाइतके पाणी त्याने तरंगू लागतानाच बाजूला सारलेले असते. तो गोड्या पाण्याचा आणि समुद्र खारा, म्हणून वितळल्यावर पातळीत किंचित भर पडते, पण ती नगण्य. खरी वाढ होते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरतो तेव्हा, मग तो पाणी होऊन उतरो की कडा तुटून हिमनग होऊन. असा जमिनीवरचा बर्फ ग्रीनलंडवर समुद्र ७ मीटरहून अधिक वाढवील इतका आहे आणि अंटार्क्टिकावर सुमारे ५८ मीटर वाढवील इतका.

तरंगता हिमनग आणि जमिनीवरचा बर्फ या दोहोंच्या मध्ये आणखी एक बर्फ आहे. किनाऱ्यावरच्या बर्फाला जोडलेला, पण समुद्रावर तरंगणारा, शेकडो मीटर जाडीचा सपाट मंच. त्याला आइस शेल्फ म्हणतात. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम निघाली. त्यानंतर १९८३-८४ मध्ये दक्षिण गंगोत्री हे स्थानक अशाच मंचावर उभे राहिले आणि काही वर्षांतच बर्फाखाली गाडले गेले. पुढचे मैत्री स्थानक खडकावर बांधले. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २००७ च्या जागतिक अहवालात समुद्रपातळीच्या तक्त्यातून बर्फाच्या प्रवाहातले वेगवान बदल वगळले. त्यावरचा पुढचा सगळा वाद याच मधल्या बर्फाभोवती फिरतो.

फार जुना इतिहास थोडक्यात पाहू. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होता. सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी तो काही शतकांतच दहा मीटरहून जास्त चढला. उत्तर अटलांटिकच्या तळावरच्या गाळात दूरच्या खंडावरचे खडे सापडतात. हिमनगांनी ते वाहून आणले आणि वितळताना तळाशी टाकले. एवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: मोठाले हिमथर नेहमीच सावकाश विरघळत नाहीत, कधी कधी ते कोसळतात.

१९७८ मध्ये एका शोधनिबंधाने पश्चिम अंटार्क्टिकाबद्दल इशारा दिला. तिथला बर्फ जमिनीवर टेकलेला असला तरी ती जमीन समुद्रसपाटीखाली आहे आणि आत जावे तशी आणखी खोल होत जाते. समोरचे आइस शेल्फ हा त्याचा टेकू. टेकू गेला की मागचा बर्फ पुढे सरकतो, काठ मागे हटतो, आणि हटताना तो अधिक खोल पाण्यात, म्हणजे अधिक जाड बर्फापाशी पोहोचतो. त्यामुळे बर्फ आणखी वेगाने बाहेर पडतो. तेव्हा अनेकांना ही अतिशयोक्ती वाटली.

१९९५ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचे लार्सन-ए हे शेल्फ फुटले. २००२ च्या सुरुवातीला लार्सन-बी फुटले: सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ, महिन्याभरात. ते तरंगतेच होते, म्हणून त्याने समुद्र वाढला नाही. पण टेकू निघताच मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला. त्याच सुमारास ग्रीनलंडच्या पश्चिमेकडची याकोब्सहाव्न हिमनदी जवळपास दुप्पट वेगाने वाहू लागली होती. म्हणजे जे कागदावर होते ते डोळ्यांसमोर घडले.

आणि नेमक्या याच वेळी २००७ चा जागतिक हवामान अहवाल तयार होत होता. त्यातला एक निर्णय आजही वादाचा आहे. समुद्रपातळीच्या तक्त्यात शतकाच्या अखेरच्या दशकासाठी आकडे आले: १८ ते ५९ सेंटिमीटर. वर मथळ्यात अट होती की बर्फाच्या प्रवाहात भविष्यात होणारे वेगवान बदल यात धरलेले नाहीत. १९९३ ते २००३ या काळात दिसलेला प्रवाह धरला होता, त्यापुढची संभाव्य वाढ नव्हे. तापमानाबरोबर हा प्रवाह वाढत गेला तर आणखी १० ते २० सेंटिमीटरची भर पडेल, हे मजकुरात होते, तक्त्यात नव्हते.

निर्णयामागचे कारण प्रामाणिक होते. लार्सन-बीमागच्या हिमनद्या जशा पळाल्या तसे एकाही प्रारूपाला गणितात मांडता येत नव्हते. जे मोजता येत नाही त्याचा आकडा द्यायचा नाही, ही विज्ञानाची शिस्तच आहे. वरची मर्यादा आपण देऊ शकत नाही, असे अहवालाने लिहिलेही होते.

पण आधीच्या, २००१ च्या अहवालात २१०० पर्यंत ९ ते ८८ सेंटिमीटर असा पल्ला होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर जगभर बातमी झाली ती अंदाज खाली आल्याची. वस्तुतः दोन्हींचे हिशेब वेगळे होते. त्यातून ५९ हा आकडा वरची मर्यादा म्हणून वाचला जाऊ लागला. बंदराचा धक्का किंवा किनाऱ्याची भिंत किती उंच घ्यायची हे ठरवणारा अभियंता तक्ता पाहतो, मथळ्यातली अट त्याच्या आराखड्यात उतरत नाही. माझ्या मते आकडे छापायचेच होते तर वरचे टोक तक्त्यातही मोकळे ठेवायला हवे होते. धोक्याचा सर्वांत मोठा भाग बाहेर ठेवून उरलेल्याची बेरीज दोन टोकांत बांधली की ती पूर्ण वाटते. हे मोठे नुकसान होते.

पुढच्या अहवालांत हा बर्फ हळूहळू आत आला. २०१३ मध्ये वरचे टोक ८२ सेंटिमीटर झाले. २०१६ मध्ये एका अभ्यासाने उंच बर्फकडे स्वतःच्या वजनाने ढासळण्याची क्रिया धरून एकट्या अंटार्क्टिकामुळेच २१०० पर्यंत मीटरहून अधिक वाढ होऊ शकते असे म्हटले. पुढे त्याच गटाने तो आकडा बराच खाली आणला. हा वाद मिटलेला नाही.

दरम्यान मोजमापे बोलू लागली. १९९२ ते २०२० या काळात ग्रीनलंडने सुमारे ४,८९० अब्ज टन बर्फ गमावला, अंटार्क्टिकाने सुमारे २,६७० अब्ज टन. साधारण ३६० अब्ज टनांमागे समुद्र एक मिलिमीटर चढतो. या गोड्या पाण्याचा परिणाम पातळीपुरता नाही. २०१७ मध्ये लार्सन-सीपासून सुटलेल्या ए-६८ या हिमनगाने दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ तीन महिन्यांत सुमारे १५२ अब्ज टन गोडे पाणी सोडले. असे पाणी हलके असते, ते वर राहते. थंड, खारे, जड पाणी तळाशी बुडण्यावर महासागरांचे जे अभिसरण चालते, ते त्यामुळे मंदावते.

आपल्या किनाऱ्यासाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. बर्फाचा प्रचंड थर गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. थर घटला की ते पाणी सुटते. ग्रीनलंडजवळ पातळी उतरते आणि दूरवर सरासरीपेक्षा जास्त चढते. मुंबई ग्रीनलंडपासूनही दूर आहे, अंटार्क्टिकापासूनही.

२०२१ च्या अहवालात उत्सर्जन फार जास्त राहिल्यास २१०० पर्यंत ६३ सेंटिमीटर ते १.०१ मीटर असा संभाव्य पल्ला दिला आहे. त्याच अहवालातल्या समुद्रपातळीच्या आलेखात एक तुटक रेषाही काढली आहे. हिमथर अस्थिर झाले तर काय, याची ती रेषा. ती २१०० मध्ये दोन मीटरच्या जवळ जाते आणि शक्यता कमी असली तरी ती नाकारता येत नाही, असे अहवाल म्हणतो.