विश्वाचे प्रसरण

विश्वाचे प्रसरण म्हणजे दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या संचांच्या, समूहांमधील अंतरे काळाबरोबर वाढत जाणे. दीर्घिका एखाद्या केंद्रापासून रिकाम्या पोकळीत पळत सुटल्या आहेत, असा त्याचा अर्थ सर्रास घेतला जातो. पण तो बरोबर नाही. तुळशीबागेत मिळणाऱ्या इलॅस्टिकच्या पट्टीवर दर सेंटिमीटरला खूण करून ती ताणून दुप्पट केली, तर शेजारची खूण १ सेंटिमीटरने आणि दहावी १० सेंटिमीटरने लांब जाते; मोजणी मधल्या कोणत्याही खुणेपासून केली तरी हेच आढळते. पट्टीला टोके असतात आणि ती कोणीतरी ओढते, तेवढ्यापुरता हा दाखला लंगडा आहे.

अंतराच्या प्रमाणात वाढणारा हा वेग बेल्जियन शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये समीकरणांतून आणि अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२९ मध्ये निरीक्षणांतून मांडला. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे तो सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर भरतो. अतिनवताऱ्यांवरून (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून) ७३ च्या आसपास, तर सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवरून, म्हणजे विश्वाच्या उष्ण आरंभकाळातून उरलेल्या, सर्व दिशांनी येणाऱ्या क्षीण प्रारणावरून, ६७ च्या आसपास येणारे आकडे अजून जुळलेले नाहीत.

प्रसरण प्रत्यक्ष मोजता येते ते ताणल्या गेलेल्या तरंगांत, म्हणजेच ताम्रसृतीत. हायड्रोजन अणूची रेडिओलहर मुळात २१ सेंटिमीटर लांबीची असते. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपलेली, ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली लहर पोहोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची झाली होती. मधल्या काळात विश्वातील अंतरेही त्याच प्रमाणात, सुमारे २.३ पट वाढली होती. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने भिंगासारखे काम केले, म्हणूनच इतका क्षीण संदेश हाती लागला.

गुरुत्वाने किंवा विद्युतबलाने बांधलेल्या वस्तू मात्र प्रसरण पावत नाहीत. शेजारची देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका उलट आपल्याकडेच येत आहे आणि पुणे–नारायणगाव रस्ता आहे तेवढाच राहतो.

प्रसरण आणि महास्फोट (विश्वाची सुरुवात अतिशय उष्ण व दाट अवस्थेतून झाली, हा सिद्धांत) या दोन कल्पना एकच समजल्या जातात, तेही बरोबर नाही. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर महास्फोट सिद्धांताचे आयुष्यभर टीकाकार होते, पण प्रसरण त्यांना मान्य होते. ते ज्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या बाजूने उभे राहिले, त्यात विश्व पसरत असतानाच नवे द्रव्य निर्माण होऊन घनता कायम राहते. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी १९६५ मध्ये सापडल्यावर बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले.

प्रसरणाचा वेग गुरुत्वामुळे मंदावत असावा, अशी अपेक्षा होती. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून तो वाढत असल्याचे दिसले; या वाढीच्या कारणाला कृष्ण ऊर्जा असे नाव आहे, तिचे स्वरूप उलगडलेले नाही.